लीजवर कंपनीची गाडी की स्वतःच्या नावावर? सही करण्याआधीचा हिशेब

एचआरकडून मेल येतो, 'कार लीज पॉलिसी सुरू होत आहे, टॅक्समध्ये ३० टक्क्यांपर्यंत बचत.' त्या दिवशी कॅन्टीनमध्ये दोन तट पडतात. एकाचं म्हणणं, टॅक्स वाचतोय तर सोडायचा कशाला. दुसऱ्याचं म्हणणं, कंपनीच्या नावावरची गाडी ती कसली आपली. आकडे मात्र दोघांकडेही नसतात.

माझं मत आधीच सांगून टाकतो. लीजवर टॅक्स वाचतो हे खरं आहे. पण वाचलेल्या टॅक्समधला बराचसा पैसा जीएसटी, लीज कंपनीचं व्याज आणि कंपनीच्या नावाने लागणारा जादा रोड टॅक्स यांत परत जातो. हातात उरते ती रक्कम बेताची असते, आणि तीही लीजची मुदत संपेपर्यंत तुम्ही त्याच नोकरीत राहिलात तरच. म्हणून मॉडेल, रंग, सनरूफ हे सगळं नंतर बघू. आधी हिशेब.

पायरी १: तुम्हाला मिळतेय ती 'कंपनीची गाडी' नेमकी कोणती?

या एकाच नावाखाली तीन वेगळ्या गोष्टी चालतात.

पहिली, कंपनीने पदाबरोबर दिलेली गाडी. पगारातून काही कापत नाहीत. गाडी, विमा, पेट्रोल, कधी ड्रायव्हरही कंपनीचा. अशी मिळत असेल तर हा लेख इथेच बंद करा आणि गाडी घ्या.

दुसरी, सीटीसीतून (कंपनी तुमच्यावर वर्षाला करते त्या एकूण खर्चातून) कापली जाणारी लीज. पुण्या-मुंबईतल्या आयटी, बँकिंग, फार्मा कंपन्यांमध्ये हल्ली 'कंपनी कार' म्हणतात ती बहुतेक हीच. लीज कंपनी गाडी विकत घेते, तुमच्या कंपनीला भाड्याने देते, कंपनी ती तुम्हाला वापरायला देते आणि भाडं तुमच्या स्पेशल अलाउन्समधून वजा करते. पैसा शेवटी तुमचाच. पुढचं सगळं लिखाण हिच्याबद्दल आहे.

तिसरी, कंपनीने दिलेलं सवलतीचं कर्ज. बँका आणि सार्वजनिक उपक्रमांतल्या लोकांना ही सोय असते. गाडी तुमच्या नावावर राहते. स्टेट बँकेच्या १ एप्रिलच्या दरापेक्षा तुमचा व्याजदर जितका कमी, तितका फरक तुमच्या पगारात धरून त्यावर टॅक्स लागतो. तो भरूनही हा सौदा बाहेरच्या कर्जापेक्षा स्वस्तच पडतो. ही सोय असेल तर लीजच्या मागे लागू नका.

पायरी २: स्लॅब पाहा, पगार नव्हे

लीजचा सगळा फायदा तुमच्या वरच्या स्लॅबमधून येतो. २०२५-२६च्या नव्या करप्रणालीत २४ लाखांच्या वरच्या उत्पन्नाला ३० टक्के, २० ते २४ लाखांना २५ टक्के, १६ ते २० लाखांना २० टक्के असे दर आहेत. वर ४ टक्के सेस. म्हणजे प्रत्यक्षात ३१.२, २६ आणि २०.८ टक्के.

इथे एक चूक सर्रास होते. करपात्र उत्पन्न २५ लाख असलेला माणूस 'मी तीस टक्केवाला' असं धरून चालतो. पण गाडीपोटी वर्षाला सव्वाचार लाख करपात्र पगार कमी झाला, तर त्यातला फक्त वरचा १ लाख तीस टक्क्यांतून निघतो. बाकीचा सव्वातीन लाख पंचवीसच्या स्लॅबमधला. एचआरच्या स्लाइडवर सरसकट ३० टक्के धरलेले असतात. तुमचा आकडा तुम्हीच काढा.

जुनी करप्रणाली घेतली असेल तर १० लाखांच्या वरच ३० टक्के सुरू होतात, त्यामुळे फायदा लवकर दिसतो. नव्या प्रणालीत एचआरए (घरभाडं), ८०सी (गुंतवणूक) या सवलती गेल्या म्हणून लीजची सवलतही गेली असं बऱ्याच जणांना वाटतं. तसं नाही. गाडीचं करासाठीचं मूल्य ठरवण्याची पद्धत दोन्ही प्रणालींत चालते.

पायरी ३: टॅक्स वाचतो तो नेमका कसा

कंपनीने दिलेली सोय म्हणजे पर्क्विझिट, आणि पर्क्विझिटवर टॅक्स लागतो. पण गाडीच्या बाबतीत सरकारने खऱ्या खर्चाऐवजी ठरावीक मूल्य धरलं आहे. आर्थिक वर्ष २०२५-२६पर्यंतच्या नियम ३ प्रमाणे, गाडी काही ऑफिसच्या आणि काही खाजगी कामासाठी असेल आणि चालवण्याचा खर्च कंपनी करत असेल, तर १.६ लिटरपर्यंतच्या इंजिनाला दरमहा १,८०० रुपये आणि त्याहून मोठ्याला २,४०० रुपये. ड्रायव्हर असेल तर आणखी ९००. पेट्रोल-देखभाल तुम्हीच भरत असाल तर हेच आकडे ६०० आणि ९००, ड्रायव्हरचे ९०० वेगळे.

म्हणजे पगारातून ३७,००० गेले आणि त्याच्या जागी करपात्र म्हणून फक्त १,८०० आले. उरलेल्या ३५,२०० रुपयांवरचा टॅक्स वाचला. सगळी जादू एवढीच.

१ एप्रिल २०२६पासून प्राप्तिकर कायदा २०२५ लागू आहे आणि त्याखालचे नियमही नवे आहेत. त्यामुळे चालू वर्षाचं मूल्य पेरोलकडून, म्हणजे पगार काढणाऱ्या विभागाकडून, लेखी घ्या. स्लाइड जुनी असू शकते. खालच्या उदाहरणात मी २०२५-२६चे दर धरलेत. मूल्य दरमहा १,००० रुपयांनी वाढलं तर तीस टक्केवाल्याचा टॅक्स महिन्याला ३१२ रुपयांनी वाढतो, त्या हिशेबाने आकडे दुरुस्त करून घ्या.

दोन अटी लक्षात असू द्या. गाडी पूर्णपणे खाजगी वापराची ठरली तर ही सवलत उडते आणि अख्खा खर्च करपात्र होतो. कायम घरून काम करणाऱ्याने आणि कामानिमित्त कुठेच न जाणाऱ्याने याचा विचार करावा. दुसरं, एकाच मालकाकडून दोन गाड्या घेतल्या तर ठरावीक मूल्याची सवलत एकाच गाडीला मिळते. नवरा-बायको वेगवेगळ्या कंपन्यांत असतील तर दोघांनाही स्वतंत्र, हे सांगायला लीज कंपनीचा माणूस विसरत नाही.

पायरी ४: कोटेशन ओळ न् ओळ वाचा

लीज कंपनीचं कोटेशन एका पानाचं असतं, आणि नजर थेट खालच्या ठळक 'मासिक भाडे' या आकड्यावर जाते. वरच्या ओळी खऱ्या महत्त्वाच्या.

पहिली ओळ गाडीची किंमत. एक्स-शोरूमच्या खाली रोड टॅक्स बघा. महाराष्ट्रात व्यक्तीच्या नावाने पेट्रोल गाडी घेतली तर किमतीनुसार ११ ते १३ टक्के लागतो. कंपनीच्या नावाने घेतली तर २० टक्के. १२ लाखांच्या गाडीवर तुमच्या नावाने १ लाख ४४ हजार, कंपनीच्या नावाने २ लाख ४० हजार. हा जवळपास एक लाखाचा फरक भाड्यात मिसळलेला असतो, त्याची वेगळी ओळ कुणी दाखवत नाही. काही लीज कंपन्या कर्मचाऱ्याच्या नावावर नोंदणी करून देतात. तसं जमतं का, हे विचाराच.

दुसरी ओळ जीएसटी. गाडीच्या भाड्याला गाडीचाच दर लागतो. २२ सप्टेंबर २०२५पासून छोट्या गाड्यांना १८ टक्के, मोठ्यांना ४० टक्के आणि इलेक्ट्रिकला ५ टक्के. पेट्रोल गाडी १,२०० सीसीच्या आत आणि लांबीला चार मीटरच्या आत असेल तरच ती 'छोटी'. डिझेलला सीसीची मर्यादा १,५००. लीज कंपनीला गाडी घेताना भरलेल्या जीएसटीचं क्रेडिट मिळतं (तो पुढच्या जीएसटीतून वजा करता येतो), म्हणून भाड्याची मूळ रक्कम कमी दिसते. पण बँकेच्या कर्जाच्या व्याजावर जीएसटी नसतो, आणि लीजच्या भाड्यात दडलेल्या व्याजावर, त्या जादा रोड टॅक्सवरसुद्धा, तो लागतो. तुमच्या कंपनीला या जीएसटीचं क्रेडिट घेता येत नाही, म्हणून तो घसरत घसरत तुमच्या सीटीसीवर येऊन बसतो.

तिसरी ओळ रेसिड्युअल व्हॅल्यू, म्हणजे मुदत संपल्यावर गाडी ज्या किमतीला मिळेल ती. ती जितकी जास्त तितकं भाडं कमी. भाडं कमी दिसलं की आधी ही ओळ तपासा. तिच्यापुढे 'अधिक लागू कर' असं बारीक अक्षरात असतं. कर धरून किती, ते लिहून मागा.

चौथी, विमा आणि सर्व्हिसिंग. टायर, बॅटरी, क्लच यांपैकी काय धरलंय? वर्षाला किती किलोमीटरची मर्यादा? पुण्यात राहून दर पंधरा दिवसांनी सांगली-कोल्हापूरला जाणाऱ्याची मर्यादा बघता बघता ओलांडते.

पायरी ५: दोन्ही बाजू एका कागदावर

एक उदाहरण घेऊ. पुण्यात नोकरी, करपात्र उत्पन्न ३२ लाख, नवी करप्रणाली. गाडी पेट्रोल, १.५ लिटर, एक्स-शोरूम १२ लाख. आकडे माझे नमुन्याचे आहेत. तुमच्या कोटेशनचे घालून हाच हिशेब पुन्हा करा.

स्वतःच्या नावावर: ऑन-रोड १४ लाख. त्यात ४ लाख रोख, १० लाख कर्ज ९ टक्क्यांनी पाच वर्षांसाठी. हप्ता २०,७५८. पाच वर्षांत हप्त्यांचे १२ लाख ४५ हजार आणि रोखीचे ४ लाख मिळून १६ लाख ४५ हजार. दुसऱ्या वर्षापासूनचा विमा १ लाख २० हजार, सर्व्हिसिंग ७५ हजार. एकूण १८ लाख ४० हजार. पाच वर्षांनी गाडी ६ लाखांना गेली असं धरू. निव्वळ खर्च १२ लाख ४० हजार. शिवाय ते रोख ४ लाख ७ टक्क्यांच्या एफडीत राहिले असते तर टॅक्स कापून लाखभर व्याज मिळालं असतं, तेही मिळवा. झाले साधारण १३ लाख ४५ हजार. गाडी १० लाखांवरची म्हणून शोरूम १ टक्का टीसीएस (विक्रेत्याने आगाऊ गोळा केलेला प्राप्तिकर) घेतं, तो मी धरला नाही, कारण रिटर्न भरताना तो वळता होतो. पुष्कळ लोक तो विसरतात, तुम्ही विसरू नका.

लीजवर: भाडं विमा, सर्व्हिसिंग, जीएसटीसह दरमहा ३७,०००, मुदत ६० महिने. वर्षाला पगारातून ४ लाख ४४ हजार गेले, करपात्र मूल्य २१,६०० परत आलं. वाचलेला टॅक्स ३१.२ टक्क्यांनी वर्षाला १ लाख ३१ हजार ७८९, म्हणजे महिन्याला सुमारे ११ हजार. खरं भाडं पडलं २६ हजार. पाच वर्षांचे १५ लाख ६१ हजार. शेवटी गाडी करासह ३ लाखांना घेतली आणि विकली. इथे सहा लाख धरू नका, साडेपाच धरा. का, ते पुढे सांगतो. निव्वळ खर्च १३ लाख ११ हजार.

आता पेट्रोल. महिन्याचे ८,००० कंपनीमार्फत गेले तर त्या १,८०० मध्येच तेही येतं, वेगळं मूल्य लागत नाही. वर्षाला जवळपास ३० हजार टॅक्स वाचतो, पाच वर्षांत दीड लाख. लीजचा निव्वळ खर्च उतरला ११ लाख ६१ हजारांवर.

म्हणजे लीज सुमारे १ लाख ८५ हजारांनी पुढे. साठ महिन्यांत भागा: महिन्याला तीन हजार. 'टॅक्समध्ये ३० टक्के बचत' या जाहिरातीचं खरं माप हे.

आणि यातला जवळजवळ सगळा फायदा पेट्रोल कंपनीमार्फत भरल्याने आणि रोख पैसे न अडकल्याने आलाय, गाडीच्या भाड्याने नव्हे, हेही बघा. तुमची कंपनी स्वतःच्या गाडीलाही पेट्रोलचे पैसे बिलावर देत असेल, तर त्याच नियमाने (२०२५-२६च्या दराने) महिन्याला १,८०० रुपयांपर्यंत करमुक्त मिळतात. तेव्हा फरक दीड लाखावर येतो.

हाच कागद २० टक्के स्लॅबच्या माणसासाठी मांडला की चित्र उलटतं. खरं भाडं २९,७०० च्या आसपास पडतं, पेट्रोलवरची बचत एक लाखावर येते आणि पाच वर्षांअखेर लीज ६५-७० हजारांनी मागे पडते. प्रत्यक्षात त्याचा काही भाग १५ टक्क्यांच्या स्लॅबमध्ये घसरतो, म्हणजे आणखीच मागे. तर ढोबळ नियम असा: वरची सगळी कपात ३० टक्क्यांतून होत असेल तर लीजचा विचार करा, २५मध्ये बरोबरीची लढत, २० किंवा त्याखाली स्वतःच्या नावावरच घ्या. खरं तर २०च्या स्लॅबमध्ये चौदा लाखांची गाडी घ्यावी का, हा त्याआधीचा प्रश्न.

पायरी ६: नोकरी सुटली तर?

ही सगळ्यात महत्त्वाची पायरी, आणि स्लाइडवर हिला एक ओळ असते.

हिंजवडी, खराडी, ऐरोली, पवई, कुठेही बघा; दोन-तीन वर्षांत नोकरी बदलणं ही तिथली रीतच आहे. लीज मात्र चार-पाच वर्षांची. विसाव्या महिन्यात तुम्हाला चांगली ऑफर आली असं धरा. वरच्या उदाहरणात बँकेचं कर्ज त्या वेळी ७ लाख १५ हजार शिल्लक असेल, पण ते कुणी मागायला येत नाही. नव्या पगारातून तोच हप्ता चालू राहतो.

लीजमध्ये राजीनामा टाकला की तीनच वाटा. नवी कंपनी ती लीज स्वतःकडे घेते. हे क्वचित जमतं, कारण तिचा करार त्याच लीज कंपनीशी असावा लागतो. किंवा तुम्ही गाडी परत करून फोरक्लोजरचा, म्हणजे मुदतीआधी लीज बंद करण्याचा, दंड भरता. किंवा उरलेली रक्कम भरून गाडी स्वतः घेता. त्या उदाहरणात अशी शिल्लक ९ लाखांच्या वर जाते, त्यावर जीएसटी, त्यावर फोरक्लोजर शुल्क. आणि हे पैसे फुल अँड फायनलमधून (नोकरी सोडतानाच्या शेवटच्या हिशेबातून) वळते केले जातात, म्हणजे ग्रॅच्युइटी, रजेचे पैसे हातात येण्याची वाट बघत असताना उलट तुमच्याकडूनच येणं निघतं. वीस महिन्यांत वाचलेला टॅक्स एका फटक्यात जातो.

नोटीस पिरियडमध्ये नवं कर्ज काढून ही रक्कम उभी करणं सोपं नाही. पगारपत्रक जुन्या कंपनीचं, ऑफर लेटर नव्या कंपनीचं आणि गाडी तिसऱ्याच्याच नावावर, हे बघून बँकेचा माणूसही कागद उलटसुलट करत बसतो.

स्वतःहून सोडणं एक, कंपनीने काढणं दुसरं. कपातीत नोकरी गेली तर फोरक्लोजर शुल्क कोण भरणार, हे पॉलिसीत स्पष्ट लिहिलेलं हवं. काही कंपन्या ते स्वतः सोसतात, काही कर्मचाऱ्यावर टाकतात. बिनपगारी रजा, बाळंतपणानंतर वाढवलेली रजा, परदेशी पोस्टिंग, या सगळ्या काळात पगार थांबला तरी भाडं थांबत नाही. तेव्हा ते खिशातून भरावं लागतं, आणि ज्या महिन्यात पगारच नाही त्या महिन्यात टॅक्सही वाचत नाही.

म्हणून स्वतःला एकच प्रश्न विचारा: गेल्या दोन नोकऱ्यांत मी किती वर्षं टिकलो? पुढची पाच वर्षं इथेच काढणार, हा मनाचा निश्चय इथे उपयोगाचा नाही, बायोडेटाच बघा.

पायरी ७: दुसऱ्याच्या नावावरची गाडी वापरताना

आरसी, म्हणजे गाडीच्या नोंदणीचा कागद, बहुतेकदा लीज कंपनीच्या किंवा तुमच्या कंपनीच्या नावावर असते. त्यातून बारीकसारीक कटकटी निघतात.

ई-चलन. मुंबई-पुणे एक्सप्रेसवेवर कॅमेरे आहेत, आणि चलनाचा मेसेज आरसीवरच्या मोबाइल नंबरला जातो. तो तुमचा नसतो. चलनं साठत राहतात आणि एक दिवस लीज कंपनी हाताळणी शुल्कासह बिल पाठवते. गाडी मिळाली की आठवणीने दर महिन्याला नंबर टाकून ऑनलाइन तपासत जा.

विमा. स्वतःच्या गाडीला मालक-चालकाचं १५ लाखांचं वैयक्तिक अपघात कवच सक्तीचं असतं. कंपनीच्या नावावरच्या गाडीला ते मिळत नाही, कारण कंपनी माणूस नाही आणि तिच्याकडे लायसन्सही नाही. चालवणारे तुम्ही, आणि कवच नाही. वेगळी अपघात पॉलिसी घ्या, किंवा आधीच्या पॉलिसीत ते धरलंय का बघा. नो क्लेम बोनसही विमाधारकाचा, म्हणजे त्यांचा. आज तुमची जुनी गाडी असेल आणि तिच्यावर ५० टक्क्यांपर्यंत बोनस साठला असेल, तर तो लीजच्या गाडीला लावता येत नाही. स्वतःच्या नावाने नवी घेतलीत तर लावता येतो.

सोसायटी. पार्किंगचा स्टिकर मागायला गेलात की सेक्रेटरी आरसी मागतात, त्यावर भलतंच नाव. गाडी या कर्मचाऱ्याला दिली आहे असं कंपनीचं पत्र पहिल्याच दिवशी घेऊन ठेवा. त्याचीच एक प्रत डॅशबोर्डमध्ये राहू दे, गोव्याला जाताना नाक्यावर उपयोगी पडते. घरातलं दुसरं कोण गाडी चालवू शकतं, हेही पॉलिसीत बघा.

बदली. कंपनीने पुण्याहून बंगळुरूला पाठवलं तर गाडी बारा महिन्यांपेक्षा जास्त दुसऱ्या राज्यात ठेवताना तिथली नोंदणी आणि तिथला रोड टॅक्स आला. लीजमध्ये तो कोण भरणार? फिरतीची नोकरी असेल तर स्वतःच्या नावाच्या बाजूने एक मुद्दा असा की चार किंवा जास्त राज्यांत कार्यालयं असलेल्या खाजगी कंपन्यांतल्या लोकांना बीएच सिरीज (देशभर चालणारी नोंदणी) घेता येते आणि रोड टॅक्स दोन-दोन वर्षांचा भरता येतो.

गृहकर्ज. लीज कर्ज म्हणून सिबिलवर दिसत नाही, हा फायदा सांगितला जातो आणि तो खरा आहे. पण बँक हातात येणारा पगार बघते, आणि तो कमी झालेला असतो. वर्षभरात घर घ्यायचं असेल तर आधी घराचं कर्ज मंजूर करून घ्या, मग गाडीचं बघा; लीज असो वा कर्ज.

इलेक्ट्रिक असेल तर पारडं झुकतं

भाड्यावर जीएसटी फक्त ५ टक्के, आणि महाराष्ट्रात इलेक्ट्रिक गाड्यांना रोड टॅक्सची सवलत असल्याने कंपनीच्या दराचा फटकाही बोथट होतो. त्याहून मोठा मुद्दा पुनर्विक्रीचा. पाच वर्षांनी या बॅटरीची, या मॉडेलची किंमत काय राहील, हे आज विकणाऱ्यालाही सांगता येत नाही. ती जोखीम लीज कंपनीच्या गळ्यात घालून मुदतीनंतर चावी परत देता येत असेल, तर महिन्याला दोन-तीन हजार जास्त गेले तरी मी लीज घेईन. अट एकच, परत देण्याचा हक्क करारात लिहिलेला हवा. इंजिन नसल्याने पेरोल १.६ लिटरच्या आतला दर लावतं की वरचा, हेही विचारा.

नोकरी नाही, स्वतःचा धंदा आहे?

नोकरदाराला गाडीचा घसारा (दरवर्षी घटणारी किंमत) किंवा कर्जाचं व्याज कशातही दाखवता येत नाही. धंदेवाल्याला दोन्ही येतं. घसारा साध्या गाडीला १५ टक्के, इलेक्ट्रिकला ४०. प्रोप्रायटर असाल तर गाडी स्वतःच्या नावावर घ्या, रोड टॅक्स व्यक्तीच्या दराने भरा आणि गाडी धंद्याच्या पुस्तकात दाखवा. प्रायव्हेट लिमिटेडच्या नावाने घेतलीत तर २० टक्के. खाजगी वापराचा हिस्सा तुमचा सीए वजा करेलच.

आणि मुहूर्ताची एक गंमत. त्या आर्थिक वर्षात गाडी १८० दिवसांपेक्षा कमी वापरली तर त्या वर्षी घसारा निम्माच मिळतो. २०२५चा दसरा २ ऑक्टोबरला आला, तेव्हा मुहूर्त आणि घसारा दोन्ही साधले. २०२६चा दसरा २० ऑक्टोबरला आहे. त्या दिवशी घेतलेल्या गाडीला पहिल्या वर्षी निम्म्यावरच समाधान मानावं लागेल. गणेश चतुर्थीला घेतलेली बरी.

पायरी ८: सही करण्याआधीचा मेल

तोंडी उत्तरांवर जाऊ नका. एचआर आणि लीज कंपनी दोघांनाही एकाच मेलमध्ये हे विचारा आणि उत्तर जपून ठेवा:

- आरसी कोणाच्या नावावर आणि रोड टॅक्स कोणत्या दराने?
- भाड्यात जीएसटी किती, आणि सरकारने दर बदलला तर भाडं बदलणार का?
- १२, २४ आणि ३६व्या महिन्यात लीज बंद केली तर करासह नेमकी किती रक्कम? टक्केवारी नको, रुपये हवेत.
- कंपनीने कामावरून कमी केलं तर ती रक्कम कोणाची?
- शेवटी गाडी करासह कितीला, आणि घ्यायची नसेल तर परत देताना ओरखडे-पोचे कसे मोजणार?
- पर्क्विझिटचं चालू वर्षाचं मूल्य किती, आणि पेट्रोलची बिलं कोणत्या मर्यादेपर्यंत?
- भाडं कोणत्या घटकातून कापणार? बेसिकला हात लागणार असेल तर पीएफ आणि ग्रॅच्युइटीही कमी होईल.

तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर टाळलं गेलं तर मी सही करणार नाही.

मुदत संपताना

गाडी ठेवायची असेल तर शेवटच्या हप्त्याच्या दोन-तीन महिने आधीच कळवा. लीज कंपनीकडून इन्व्हॉइस, एनओसी आणि सही केलेले मालकी बदलाचे फॉर्म २९, ३० घ्या. आरसीवर लीजचा बोजा असेल तर तो उतरवण्याचा फॉर्म ३५ही. विमा त्याच वेळी नावावर करून घ्या. आरसी आणि विमा नावावर होण्यात खंड पडला आणि मध्ये अपघात झाला तर क्लेम अडकतो. आरटीओतून नवी आरसी येते तेव्हा तिच्यावर मालक क्रमांक दोन असतो. गाडी पहिल्या दिवसापासून तुम्हीच चालवली असली तरी जुन्या गाड्यांच्या बाजारात ती 'सेकंड ओनर' म्हणूनच मोजतात आणि भाव तेवढा पाडून मागतात. वरच्या हिशेबात सहाऐवजी साडेपाच लाख धरले ते यासाठी. सर्व्हिसिंगची सगळी बिलं आणि गाडी देताना मिळालेलं कंपनीचं पत्र ठेवलं असेल, तर घासाघीस करताना ती समोर टाकता येतात.